सेट चालू आहे, पण अँटेना जोडलेला आहे का? व्हीएचएफ, जीपीएस, एआयएसच्या केबलची तपासणी



१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात आपण बोट वर काढतो, रंग मारतो, इंजिन खोलतो, जाळी विणतो. केबिनमधल्या वायरलेस सेटकडे मात्र बहुतेक जण फक्त बटण दाबून बघतात. दिवा लागला, स्क्रीन उजळली, जेटीवरच्या बाजूच्या बोटीचा आवाज आला, की "सेट ओके" म्हणून मोकळे. आजचा धडा याच "ओके"बद्दल आहे.

सेट चालू असणं आणि सेटला अँटेना नीट जोडलेला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेटला बॅटरीचा करंट मिळतो खालून. त्याचा आवाज बाहेर जातो वरून, डोलकाठीवरच्या अँटेनातून. मधली केबल कुजली, कनेक्टर सैल झाला, पाणी शिरलं, तरी स्क्रीन तशीच उजळते. आणि जेटीवर बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात. तेवढ्या अंतरावर अर्धवट तुटलेल्या केबलनेसुद्धा बोलणं होतं. खरी परीक्षा होते दहा सागरी मैल बाहेर गेल्यावर, वारा वाढल्यावर.

२०१७ च्या ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी बोटी भरकटत वर आल्या. अनेकांनी आपल्या शेजारच्या देवगड बंदरात आसरा घेतला. बरेच जण परत आलेच नाहीत. खोल समुद्रातल्या बोटींपर्यंत इशारा पोचवायचा कसा, हा प्रश्न तेव्हा सगळ्या देशाला पडला. त्यानंतर उपग्रहावर चालणाऱ्या उपकरणांवर भर आला. पण उपकरण कितीही नवीन असो, शेवटी ते अँटेनावरच अवलंबून. म्हणून हा धडा जरा सावकाश वाचा. थोडा लांब आहे, पण एकदा समजला की कायमचा कामाला येतो.

१) बोटीवर अँटेना कुठे कुठे असतात

केबिनमधला मोठा व्हीएचएफ सेट: २५ वॅटचा. कमी पॉवरवर १ वॅट. केबल वर डोलकाठीपर्यंत जाते.

हातातला व्हीएचएफ: साधारण ५ वॅटचा. अँटेना डोक्यावरच स्क्रूने बसवलेला.

जीपीएस किंवा चार्टप्लॉटर: लहान बोटीवर अँटेना सेटच्या आतच असतो. मोठ्या ट्रॉलरवर बाहेर केबिनच्या छपरावर पांढरी टोपी असते आणि तिथून केबल आत येते.

एआयएस: याला दोन अँटेना लागतात. एक व्हीएचएफचा, दुसरा जीपीएसचा. दोनपैकी एक गेला तरी काम बिघडतं.

उपग्रहाचा ट्रान्सपाँडर: सरकारी योजनेतून बोटींवर बसवला जातो तो, ज्याला मोबाइलवरचं नभमित्र ॲप जोडतात. याचा अँटेना आकाशाकडे तोंड करून असावा लागतो.

यातल्या लहान उपकरणांच्या पोटात आणखी एक केबल असते, जी आपल्याला दिसत नाही. सुतळीपेक्षा बारीक तार, टोकाला दोन मिलिमीटरच्या आसपासचं गोल बटणासारखं कनेक्टर. मोबाइल, टॅब्लेट, जीपीएस, वाय-फाय सगळ्यांत हीच पद्धत. तिच्याबद्दल पुढे बोलू.

२) उपकरणाला स्वतःला कसं कळतं की अँटेना जोडला आहे?

बऱ्याच जणांना वाटतं, अँटेना नसेल तर सेट आपोआप सांगेल. काही सेट सांगतात, काही नाही. सांगणारे सेट तीनपैकी एका पद्धतीने ओळखतात. पद्धत समजली, की सेटवर किती विश्वास ठेवायचा तेही समजतं.

पहिली पद्धत: करंट किती जातो ते मोजणं.
जीपीएसच्या बाहेरच्या टोपीत एक छोटा ॲम्प्लिफायर असतो, कारण उपग्रहाचा सिग्नल फारच मंद येतो. त्या ॲम्प्लिफायरला वीज लागते. ती वेगळ्या तारेने जात नाही. सेट त्याच अँटेना केबलच्या मधल्या तारेतून ३ ते ५ व्होल्ट वर पाठवतो. टोपी ठीक असेल तर थोडे मिलिॲम्पिअर करंट ओढते. सेट तो करंट बघत बसलेला असतो. काहीच करंट गेला नाही, तर केबल तुटली किंवा टोपी सुटली. करंट भसकन वाढला, तर मधली तार आणि बाहेरची जाळी कुठेतरी चिकटली, म्हणजे शॉर्ट. मग स्क्रीनवर "अँटेना ओपन" किंवा "अँटेना शॉर्ट" येतं. हा मेसेज दिसला तर सेट बिघडला म्हणून फेकू नका. आधी केबल आणि कनेक्टर बघा.

दुसरी पद्धत: परत आलेली ताकद मोजणं.
ही बोलणाऱ्या सेटची पद्धत, म्हणजे व्हीएचएफ आणि एआयएसची. आपल्याला समजायला सोपी आहे. लाट सपाट रेतीवर चढली तर पसरून विरते, परत फारशी येत नाही. तीच लाट जेटीच्या सरळ भिंतीवर आपटली तर उलटी फिरते आणि येणाऱ्या लाटेला भिडते. केबलमधून वर जाणारी ताकद अशीच. अँटेना चांगला असेल तर ती हवेत निघून जाते. अँटेना नसेल, तुटला असेल, चुकीचा असेल, तर ती भिंतीवर आपटल्यासारखी खाली सेटकडे परत येते. जाणारी किती आणि परत येणारी किती, यावरून जो आकडा निघतो त्याला एसडब्ल्यूआर म्हणतात.

आकडे लक्षात ठेवा:
१.५ असेल तर साधारण ४ टक्के ताकद परत येते. छान.
२ असेल तर ११ टक्के. चालतं, पण कारण शोधा.
३ असेल तर २५ टक्के. म्हणजे २५ वॅटमधले ६ वॅट सेटच्या अंगावर परत. हे चालणार नाही.

परत आलेली ताकद सेटच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला तापवते. चांगले सेट अशा वेळी स्वतःची पॉवर कमी करून घेतात. साधे सेट जळतात. म्हणून पहिला नियम: अँटेना काढलेला असताना बोलायचं बटण कधीही दाबू नका, गंमत म्हणूनही नाही.

तिसरी पद्धत: छोट्या उपकरणातली खूण.
मोबाइलसारख्या छोट्या वस्तूत जागा नसते आणि कारखान्यात प्रत्येक नग उघडून बघता येत नाही. म्हणून आत एक युक्ती करतात. सेटच्या बाजूने एका मोठ्या रेझिस्टरमधून अँटेनाच्या तारेवर थोडासा डीसी व्होल्टेज ठेवतात. केबलच्या दुसऱ्या टोकाला, अँटेनाजवळ, एक कॉइल किंवा रेझिस्टर जमिनीला म्हणजे ग्राउंडला जोडलेला असतो. केबल नीट बसलेली असेल तर तो व्होल्टेज तिथून ग्राउंडला उतरतो आणि आकडा खाली येतो. केबल सुटलेली असेल तर व्होल्टेज उतरायला वाट नाही, आकडा वरच राहतो. आतल्या चिपला तेवढ्यावरून कळतं. रेडिओ सिग्नलला यामुळे काही त्रास होत नाही, कारण योग्य मापाची कॉइल डीसीला वाट देते आणि रेडिओच्या वेगवान लहरींना अडवते.

काही उपकरणांत आणखी एक प्रकार दिसतो. बाहेरचा अँटेना लावायच्या भोकातच एक बारीक स्विच असतो. बाहेरची पिन आत गेली की आतला अँटेना सुटतो आणि बाहेरचा जोडला जातो. हा स्विच मिठाने अडकला तर बाहेरचा काढल्यावरही आतला परत जोडला जात नाही. "बाहेरचा अँटेना काढला आणि जीपीएस मेला" अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा.

३) सेटची खूण कुठे फसवते

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

पहिली फसगत: डीसी जातो म्हणजे रेडिओ जातो असं नाही. केबलच्या जाळीच्या दहा तारांपैकी आठ कुजल्या आणि दोन उरल्या, तरी डीसी मजेत जातो आणि सेट "ओके" म्हणतो. रेडिओची ताकद मात्र वाटेतच गळते. पाणी शिरलेल्या केबलचंही तसंच.

दुसरी फसगत: कुजलेली केबल एसडब्ल्यूआर मीटरलाही फसवते. हे नीट बघा. समजा केबल इतकी खराब आहे की वर जाताना ताकद चौथाई उरते. आणि वरचा अँटेना मोडून पडलेला आहे, म्हणजे आहेच नाही. सेटने २५ वॅट सोडले. वर पोचले साधारण ६. अँटेना नसल्यामुळे ते सगळे परत फिरले. खाली येताना पुन्हा चौथाई उरली, म्हणजे दीड वॅट. मीटरला दिसलं की २५ गेले आणि दीड परत आला. मीटर एसडब्ल्यूआर दाखवतो १.७ च्या आसपास! म्हणजे "चालेल". अँटेना नसताना!

म्हणून मीटर सेटजवळ लावून आकडा चांगला आला, एवढ्यावर थांबू नका. शक्य असेल तर मीटर वर, अँटेनाच्या तळाशीही लावून बघा. वर किती वॅट पोचतात ते कळलं की केबलचं खरं रूप कळतं. आणि दर वर्षीचा आकडा लिहून ठेवा. गेल्या वर्षी १.६ होता, या वर्षी अचानक १.१ झाला आणि तुम्ही काही बदललं नाही, तर खुश होऊ नका. केबल कुजत असेल.

तिसरी फसगत उलटी आहे. जीपीएसला ॲम्प्लिफायर नसलेली साधी टोपी लावली, किंवा एक टोपी दोन सेटना वाटून देणारा डबा मध्ये लावला, तर करंट जात नाही आणि सेट "ओपन" ओरडतो. सिग्नलचे दांडे चांगले दिसत असतील तर तो ओरडा खोटा. आणि काही नव्या जीपीएस टोप्यांत पूर्ण रिसीव्हर वरच असतो, खाली येते ती डेटाची तार. त्यांना ही केबलची तपासणी लागू नाही.

४) आपल्या हाताने तपासणी: डोळा, मल्टिमीटर, मीटर, समुद्र

पायरी एक: डोळा आणि हात.
सेट बंद करा, बॅटरीचा स्विच काढा. केबल सेटपासून अँटेनापर्यंत हाताने चाचपत जा. कुठे दबली आहे, विंचच्या दोरीने घासली आहे, धुराड्याच्या पाइपला टेकून वितळली आहे, ते बघा. केबलला तिच्या जाडीच्या दहा पटींपेक्षा लहान वळण देऊ नका. पाच मिलिमीटरच्या केबलला निदान पाच सेंटिमीटरचं वळण हवं.

कनेक्टर उघडा. मोठ्या सेटला बहुतेक पीएल-२५९ नावाचा जाड कनेक्टर असतो. तो मुळात पाणी अडवणारा नाही, हे लक्षात ठेवा. आत हिरवा कळंक दिसला, जाळीची तांब्याची तार काळी पडलेली दिसली, तर तेवढं टोक पुसून काही होणार नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत केबल मागे कापा. अर्धा मीटर कापूनही तार काळीच असेल, तर पाणी खोलवर गेलं. केबल बदला. दोन हजारांची केबल वाचवण्यात काही शहाणपण नाही.

हलकेच ओढून बघा. मधली पिन सोल्डर केलेली असावी, नुसती खुपसलेली नको. जाळीची एखादी सुटी तार मधल्या पिनला टेकत नाही ना, ते भिंगाने किंवा मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा.

पायरी दोन: मल्टिमीटर.
बाजारात साधा मल्टिमीटर स्वस्तात मिळतो. प्रत्येक जेटीवर चार-पाच बोटींनी मिळून एक ठेवला तरी चालेल.

केबलची दोन्ही टोकं मोकळी करा. ओहमवर ठेवून मधली पिन आणि बाहेरचं अंग यांना टोकं लावा. काहीच जोड दिसता कामा नये. आकडा आला, तर आत पाणी किंवा शॉर्ट.

मग दुसऱ्या टोकाला एका माणसाने मधली पिन आणि बाहेरचं अंग तारेच्या तुकड्याने जोडावं. आता इकडे आकडा एक ओहमच्या आसपास यायला हवा. दहा-पंधरा ओहम आला किंवा केबल हलवल्यावर आकडा नाचला, तर तार तुटत आली आहे.

इथे एक गैरसमज. केबलवर "५० ओहम" लिहिलेलं असतं, म्हणून काही जण मल्टिमीटरवर ५० शोधतात. तो ५० रेडिओच्या लहरींसाठी असतो, मल्टिमीटरला कधीच दिसत नाही. तसंच टीव्हीच्या डिशची केबल दिसायला सारखी, पण ती ७५ ओहमची. घरात उरली म्हणून बोटीवर लावू नका.

अँटेनाची पाळी. अँटेना एकटा मोजला तर काही अँटेना शॉर्ट दाखवतात, काही ओपन. दोन्ही बरोबर असू शकतात, कारण काहींच्या तळाशी कॉइल असते जी डीसीला ग्राउंड करते. म्हणून नवीन अँटेना घेतला त्याच दिवशी तो काय दाखवतो ते मोजून केबिनच्या दारामागे मार्करने लिहा. पुढे तुलना करायला तेच कामाला येतं.

जीपीएसच्या टोपीसाठी: टोपीची केबल काढा, सेट चालू करा, सेटच्या भोकाच्या मधल्या पिनवर व्होल्ट मोजा. ३ ते ५ व्होल्ट दिसले तर सेट वीज पाठवतो आहे, दोष पुढे आहे. मोजताना पिन आणि अंग एकमेकांना चिकटवू नका.

पायरी तीन: एसडब्ल्यूआर मीटर.
मीटर १५६ मेगाहर्ट्झला चालणारा हवा. ट्रकवाल्यांच्या २७ मेगाहर्ट्झच्या सीबी सेटचा मीटर इथे खोटं बोलतो. सेट आणि केबलच्या मध्ये मीटर लावा. १६ नंबर चॅनल सोडा, तो संकटाचा आणि हाक मारायचा आहे. रिकामा कामाचा चॅनल निवडा, आधी ऐका, कोणी बोलत नसेल तर १ वॅटवर बोटीचं नाव सांगून दोन-तीन सेकंद बटण दाबा. आकडा ठीक असेल तरच २५ वॅटवर. लाल डिस्ट्रेस बटण तपासणीसाठी कधीच दाबायचं नाही.

पायरी चार: समुद्र.
खरा निकाल इथेच. सोबतच्या बोटीशी आधी ठरवून घ्या. एक मैलावर १ वॅटने, मग पाच मैलांवर, मग आठ मैलांवर बोला. "ऐकू येतंय का" एवढंच विचारू नका, "आवाज साफ आहे का, खरखर आहे का" ते विचारा. आणि दोन्ही बाजूंनी तपासा. तुम्हाला त्यांचा आवाज साफ आणि त्यांना तुमचा तुटक, तर तुमच्या जाण्याच्या वाटेत दोष आहे.

व्हीएचएफ किती लांब जातो याचा एक ठोकताळा आहे. दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढा, बेरीज करा, २.२ ने गुणा. येतो तो आकडा सागरी मैलांत. दोन्ही बोटींचे अँटेना पाण्यापासून ४ मीटरवर असतील तर साधारण ९ मैल. दोन्ही ६ मीटरवर असतील तर ११ च्या जवळ. किनाऱ्यावर १०० मीटर उंचीवर स्टेशन असेल आणि तुमचा अँटेना ६ मीटरवर, तर २७ मैलांपर्यंत. तुमचं बोलणं यापेक्षा फारच आधी, तीन-चार मैलांवर तुटत असेल, तर हवेला दोष देऊ नका. केबल उघडा.

५) केबल कोणती घ्यायची

बारीक आरजी-५८ केबल दहा मीटर वापरली तर २५ वॅटपैकी वर साधारण १६ पोचतात. जाड आरजी-२१३ वापरली तर २० च्या आसपास. छोट्या होडीवर तीन-चार मीटरच केबल लागते, तिथे बारीक चालते. ट्रॉलर आणि पर्ससीनला केबिनपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत लांब जावं लागतं, तिथे जाड घ्या. उगाच वीस मीटर घेऊन गुंडाळी केबिनमध्ये टांगून ठेवू नका. जास्तीची केबल म्हणजे जास्तीची गळती.

मध्येच जोड देणं टाळा. द्यावाच लागला तर जोडणारा कनेक्टर वापरा. तारा पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळणं घरच्या वायरिंगमध्ये चालत असेल, रेडिओ केबलला नाही.

कनेक्टर बसवला की ताणून लावायची रबरी टेप गुंडाळा, जी स्वतःलाच चिकटून एकजीव होते. खालून वर गुंडाळा, म्हणजे कौलांसारखे थर बसतात आणि पाणी वरून ओघळून जातं. तिच्यावर साधी काळी टेप, उन्हापासून राखायला. केबल केबिनमध्ये शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून गळून पडेल, केबलच्या अंगाने सेटपर्यंत येणार नाही.

६) हातातला सेट आणि पोटातली बारीक केबल

हातातल्या सेटचा अँटेना स्क्रूने घट्ट बसलेला आहे का ते रोज बघा. सेट अँटेनाला धरून उचलू नका. अँटेना हरवला तर बाजारातून दिसायला सारखा वॉकीटॉकीचा अँटेना आणून लावू नका. तो दुसऱ्या फ्रीक्वेन्सीचा असू शकतो. चुडी बसते, लहर बसत नाही. मरीन व्हीएचएफसाठी म्हणजे १५६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठीचाच मागा.

सेट किंवा जीपीएस जोरात पडला आणि त्यानंतर रेंज कमी झाली, अंगावर टिचकी मारली की सिग्नल येतो-जातो, तर आतली बारीक केबल सुटली असण्याची शक्यता मोठी. पण स्वतः उघडू नका. एकदा उघडल्यावर पाणी अडवणारं रबर पहिल्यासारखं बसेलच असं नाही. मेकॅनिककडे द्या, आणि त्याला इतकं जरूर सांगा: आतलं गोल कनेक्टर सरळ वरून दाबून बसवायचं, तिरकं नाही. काढताना तार ओढायची नाही, कनेक्टरच्या अंगाखाली अवजार घालून उचलायचं. अशी कनेक्टर वारंवार काढ-घाल करायला बनवलेली नसतात. नेहमीच्या एका प्रकाराला बनवणारेच ३० वेळांची मर्यादा सांगतात. परत देताना नवीन रबर घालून द्यायला सांगा.

७) एआयएस आणि ट्रान्सपाँडर

एआयएसवर दुसऱ्या बोटी दिसतात म्हणून आपणही त्यांना दिसतो असं समजू नका. ऐकणं खराब केबलनेही होतं. आपला सेट बहुतेक २ वॅटनेच बोलतो, त्यातली अर्धी ताकद केबलने खाल्ली तर रात्री येणाऱ्या मोठ्या जहाजाला आपण उशिरा दिसू. सोबतच्या बोटीला विचारा, "मी तुझ्या स्क्रीनवर किती मैलांपासून दिसतो?" उत्तर लिहून ठेवा. सेटवर एसडब्ल्यूआरचा किंवा अँटेनाचा अलार्म आला, तर तो आवाज बंद करून झोपू नका.

ट्रान्सपाँडरच्या वर जाळं, ताडपत्री, पत्रा, बर्फाची पेटी असं काही ठेवू नका. धातूच्या आडून उपग्रह दिसत नाही. वरचं अंग गोड्या पाण्याने पुसा. रंग मारताना त्याच्यावर आणि जीपीएसच्या टोपीवर रंग फासू नका. काही रंगांत धातूची पूड असते.

८) दारामागे लावायची यादी

ही यादी लिहून केबिनमध्ये चिकटवा. ओडिशा, झारखंड, कर्नाटकातले खलाशी भाऊ असतील तर त्यांना त्यांच्या समजेल अशा भाषेत समजावून द्या. तांडेल आजारी पडला तर सेट त्यांच्याच हातात असतो.

रोज निघताना: अँटेना सरळ उभा, कनेक्टर घट्ट, १६ नंबर ऐकू येतो, जीपीएसने जागा पकडली.
दर महिन्याला: कनेक्टरवरची टेप, केबलचं घासणं, पाच मैलांवर बोलून बघणं.
बंदीच्या काळात: मल्टिमीटर, एसडब्ल्यूआर मीटर, आकडे तारखेसह वहीत.
वीज पडल्यावर, डोलकाठी आपटल्यावर, अँटेनाला जाळं अडकल्यावर: सगळी तपासणी पुन्हा.

आणि एक नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या: कोस्ट गार्डचा १५५४. पण मोबाइलची रेंज किनाऱ्याजवळच. तिथून पुढे तुमच्या बोटीचा आवाज म्हणजे डोलकाठीवरची ती काठी आणि तिच्यापर्यंत जाणारी केबल.

१ ऑगस्टला नारळ वाहून बोट बाहेर काढाल, त्याआधी अर्धा दिवस यासाठी ठेवा. ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी ज्यांच्याकडे आहे त्यांना हाक मारावी, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी नाही म्हणू नये. तुमच्या बोटीची केबल चांगली असेल तर संकटात बाजूच्या बोटीची हाकही तुम्हीच पुढे पोचवाल.

हा धडा आपापल्या जेटीच्या ग्रुपवर पाठवा. मोजलेले आकडे कमेंटमध्ये टाका, सगळे मिळून बघू. दर्याराजा सगळ्यांना सुखरूप घरी आणो.